भागिले आठ

शंभर एमबीपीएसचं कनेक्शन घेतलं, तरी फाईल उतरवताना पडद्यावर सेकंदाला फार तर बारा-साडेबारा एमबी दिसतात. जाहिरातीतला आकडा मेगाबिटचा असतो आणि पडद्यावरचा मेगाबाइटचा. शंभराला आठने भागलं की साडेबारा. हिशोब इतका सोपा आहे, पण भाजक आठच का? हा भाजक आजवर अनेकदा बदलला आहे, आणि प्रत्येक वेळी त्यामागे ‘एक अक्षर म्हणजे किती?’ हा एकच प्रश्न होता.

मोर्सच्या लिपीत या प्रश्नाला ठाम उत्तर नव्हतं. इंग्रजी ‘ई’ला एक टिंब पुरतं, ‘क्यू’ला तीन रेघा आणि एक टिंब लागतं. म्हणून वेग सांगायचा तो मिनिटाला अमुक शब्द असा, आणि शब्दाची लांबी सर्वांची सारखी असावी म्हणून ‘पॅरिस’ हा नमुना धरायचा. फ्रान्सच्या तारखात्यातल्या एमिल बोदो यांनी ही अडचण मुळातून काढली. १८७४ मध्ये त्यांनी पेटंट घेतलेल्या पद्धतीत प्रत्येक अक्षराला सारख्याच लांबीचे पाच संकेत होते. तार पाठवणाऱ्यापुढे पाच कळा असत, दोन डाव्या हाताला आणि तीन उजव्या. यंत्र टिकटिक करून ठेका देई आणि त्या ठेक्यावरच कळा दाबाव्या लागत, कारण एकाच तारेवर अनेक जणांचे संदेश पाळीपाळीने जात. ठेका चुकला की अक्षर चुकलं. त्या कामगारांच्या बोटांतल्या शिस्तीबद्दल मला फार आदर वाटतो. संदेशाला नियमित ठोका मिळाला तो त्यांच्या हातून.

ठोका नियमित झाला म्हणून तो मोजता आला. १९२० च्या दशकात सेकंदाला एक संकेत या मापाला बोदो यांचं नाव मिळालं: बॉड. पुढे टेलेक्स ५० बॉडवर चालू लागलं. तिथे पाच संकेतांच्या आधी सुरुवातीची आणि नंतर शेवटची खूण येई, त्यामुळे एका अक्षराला साडेसात संकेतांइतका वेळ जाई. पन्नासाला साडेसातने भागा, मिनिटाला ४०० अक्षरं मिळतात. ११० बॉडच्या टेलिटाइप यंत्रावर एका अक्षरामागे अकरा संकेत, म्हणजे सेकंदाला बरोबर दहा अक्षरं.

१९४८ मध्ये क्लॉड शॅनन यांच्या निबंधात ‘बिट’ छापून आला. शब्द सुचवल्याचं श्रेय त्यांनी जॉन टुकी यांना दिलं. बॉड मोजतो संकेत, बिट मोजतो त्या संकेतातली माहिती. सुरुवातीच्या ३०० बॉडच्या मोडेममध्ये दोन्ही आकडे एकच होते, म्हणून फरक कुणाला जाणवला नाही. पुढच्या १२०० बिटवाल्या मोडेममध्ये प्रत्येक संकेत दोन बिट वाहू लागला आणि बॉड ६०० वरच राहिला. तरी लोक ‘१२०० बॉड’च म्हणत राहिले.

बाइट मात्र तारेच्या घराण्यातला नाही, तो संगणकाच्या पोटात जन्मला. आयबीएममध्ये ‘स्ट्रेच’ या यंत्रावर काम करताना १९५६ मध्ये वेर्नर बुखहोल्ट्स यांनी तो शब्द घडवला, आणि बिटशी गल्लत होऊ नये म्हणून स्पेलिंगमध्ये मुद्दाम ‘आय’च्या जागी ‘वाय’ घातला. गल्लत टळली नाहीच. आजही लहान ‘बी’ आणि मोठा ‘बी’ एवढ्याच खुणेवर सगळा फरक उभा आहे. त्या काळी बाइटचं मापही पक्कं नव्हतं. बऱ्याच यंत्रांत अक्षर सहा बिटांचं असे, म्हणजे जागा ६४ चिन्हांपुरतीच. १९६४ च्या सिस्टिम/३६० ने आठ बिटांचा बाइट घेतला आणि तो रूढ झाला. त्या प्रकल्पाचे प्रमुख फ्रेड ब्रूक्स हा आपला सर्वांत मोठा तांत्रिक निर्णय मानत, कारण त्यामुळे इंग्रजीच्या लहान लिपीला जागा मिळाली.

तारेवर लगेच आठचं राज्य आलं नाही. फोनच्या तारेवर आठ बिटांच्या मागेपुढे एकेक खूण येई, म्हणून दहाने भागायची रीत होती. १५ ऑगस्ट १९९५ ला व्हीएसएनएलने भारतात इंटरनेट सर्वांना खुलं केलं, तेव्हाच्या ९.६ किलोबिटच्या जोडणीवर या हिशोबाने सेकंदाला ९६० बाइट येत. दहा लाख बाइटची फाईल यायला सतरा मिनिटांहून जास्त. आता अक्षरागणिक खुणा लागत नाहीत आणि भाजक आठ झाला आहे.

तरीही साडेबारा पुरते हाती येत नाहीत. डेटाच्या प्रत्येक पुडक्यावर पत्त्याचा मजकूर असतो. शंभर मेगाबिटच्या इथरनेट तारेवर त्यात जवळजवळ पाच टक्के जातात. शिवाय तारवाल्यांचा किलो नेहमी १००० चा, तर स्मृती मोजणाऱ्यांचा बराच काळ १०२४ चा. १९९८ मध्ये १०२४ वाल्यांसाठी किबी, मेबी अशी वेगळी नावं ठरली, पण अनेक पडद्यांवर अजून जुनंच नाव दिसतं. ग्राहकाने हे सगळं का शोधत बसावं? कंपन्यांनी बिट आणि बाइट दोन्ही आकडे शेजारीशेजारी छापले पाहिजेत.

आणि मराठीसाठी तारवाल्यांचा मूळ प्रश्न विचारला तर? आज सर्वत्र चालणाऱ्या यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, काना-वेलांटीसुद्धा, तीन बाइट घेतं. ‘मराठी’ या शब्दात अशी पाच चिन्हं, म्हणजे १५ बाइट, १२० बिट. आपल्या लिपीचा भाजक चोवीस आहे, आणि शंभर एमबीपीएसच्या तारेतून सेकंदाला सुमारे ४१ लाख ६६ हजार मराठी चिन्हं जाऊ शकतात.