११२ वर अडकलेला काटा

स्मरणिकेसाठी काहीतरी लिही असा निरोप आला, तेव्हा सहल, स्नेहसंमेलन आणि वर्गातल्या खोड्या हेच आधी डोळ्यांसमोर आलं. पण त्यावर लिहिणारे आपल्या बॅचमध्ये पुष्कळ आहेत. मी जरा वेगळा इतिहास लिहायचं ठरवलं. प्रवेश परीक्षेचा, आणि त्या परीक्षेच्या तयारीत गुण एका जागी अडकून बसतात त्याचा. कारण घरचंच आहे. माझी भाची मूललाच बारावीत आहे, नीटची तयारी करते. तीन महिन्यांपासून तिचे सराव पेपरातले गुण ७२० पैकी ४१० च्या आसपासच आहेत. परवा फोनवर म्हणाली, "मावशी, माझं डोकंच एवढं आहे वाटते."

हेच वाक्य २००४ साली मी म्हटलं होतं.

आपण दहावी झालो २००२ मध्ये. तोवर महाराष्ट्रात अभियांत्रिकीचा प्रवेश बारावीच्या भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणिताच्या गुणांवर होत असे. आपल्या पुढच्या मुलामुलींनी तसाच प्रवेश घेतला. वैद्यकीयसाठी राज्याची सीईटी १९९९ मध्ये सुरू झाली होती. अभियांत्रिकीला ती लागू झाली २००४ मध्ये, म्हणजे नेमकी आपल्या वर्षी. मागे वळून विचारावं असं कोणी नव्हतं. कोणाच्या ताईची वही नाही, दादाचा अनुभव नाही. नागपूरला शिकवणी लावण्याची ऐपत आमच्या घरात नव्हती. बाबा राईस मिलवर दिवाणजी होते. धानाचा हंगाम चांगला गेला तर दिवाळी चांगली, एवढाच आमचा अर्थसंकल्प.

तेव्हा आपल्यासाठी जवळचं सरकारी अभियांत्रिकी महाविद्यालय म्हणजे चंद्रपूरचं, १९९६ मध्ये निघालेलं. मूलपासून एसटीने जाऊन येता येईल असं. तिथे नंबर लागला तर शिक्षण, नाही तर गावातच बीएस्सी आणि मग स्थळं बघणं, असा सरळ हिशोब घरात मांडला गेला होता. त्यात कोणी दुष्ट नव्हतं. फक्त पैसे नव्हते.

बारावीची परीक्षा संपली आणि मी सराव पेपर सोडवायला बसले. २०० पैकी १०८, मग ११२, मग ११०, ११३, पुन्हा ११२. रोज एक पेपर. बाहेर उन्हाचा कडाका, दुपारी लाइट गेलेली, हातात पुठ्ठ्याचा पंखा. अकरा पेपर झाले तरी काटा ११२ च्या पुढे हलेना. मी आणखी जोरात पेपर सोडवू लागले. काटा तिथेच.

शेवटी आपल्या गणिताच्या सरांकडे गेले. नाव लिहीत नाही, लिहिलेलं त्यांना आवडणार नाही. पण तुम्ही सगळे ओळखता. सरांनी पेपरांचा गठ्ठा हातात घेतला आणि म्हणाले, "किती सोडवले ते नको सांगू. कुठं चुकली ते सांग." मला सांगता आलं नाही. मी प्रत्येक पेपराचे गुण मोजले होते, चुका एकदाही मोजल्या नव्हत्या.

त्या दिवशी सरांच्या ओसरीवर बसून आम्ही एका पेपरातले गेलेले ८८ गुण तीन रकान्यांत मांडले. मुळात येतच नव्हतं, असे ३०. येत होतं पण घाईत चुकलं, असे २४. आणि वेळ संपला म्हणून कोरे सोडले, असे ३४. म्हणजे ८८ पैकी ५८ गुण अभ्यास कमी पडल्यामुळे गेलेच नव्हते. त्यात सर कपाळाला हात लावून म्हणाले, "अगं, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, मग कोरे कशाला सोडते?" चार पर्यायांत डोळे मिटून खूण केली असती तरी आठेक गुण आले असते. आपली पहिली तुकडी. हे सांगायलाही कोणी नव्हतं.

मग खरा प्रश्न आला. वेळ का पुरत नाही? सरांनी मला एक प्रश्न मोठ्याने वाचायला लावला आणि माझे ओठ बघत राहिले. मी इंग्रजी वाक्य वाचत होते, मनात त्याचं मराठी करत होते, मराठीत उत्तर काढत होते आणि मग इंग्रजी पर्याय शोधत होते. दहावीपर्यंत त्वरण, संवेग, आम्लारी असं शिकलेली मी अकरावीत एकदम ॲक्सिलरेशन आणि मोमेंटममध्ये पडले होते. शब्द पाठ झाले होते, पण अंगी लागले नव्हते. प्रत्येक प्रश्नात अर्धा मिनिट भाषांतराला जात होतं.

सरांनी दहा दिवस पूर्ण पेपर बंद केले. रोज सकाळी फक्त वीस प्रश्न, मोठ्याने वाचायचे, आकडेमोड करायची नाही. काय दिलंय आणि काय विचारलंय एवढंच सांगायचं. 'ॲट रेस्ट', 'निग्लेक्टिंग', 'रिस्पेक्टिव्हली' असे पुन्हा पुन्हा येणारे शब्द वहीत. त्यानंतरच्या पहिल्या पेपरात मला १०४ मिळाले. मी रडले. सर म्हणाले, "चाल बदलली की आधी पाय अडखळतेच." पुढचा पेपर ११९. त्यानंतर १२६, १३१. खऱ्या परीक्षेत १४१ आले आणि चंद्रपूरला नंबर लागला. पदवीवर नागपूर विद्यापीठाचं नाव आहे. गोंडवाना विद्यापीठ नंतरचं, २०११ चं.

हे सगळं मी बरीच वर्षं माझी वैयक्तिक कहाणी समजत होते. नोकरीत नव्या मुलांना प्रोग्रामिंग शिकवताना तोच अडकलेला काटा पुन्हा दिसला, म्हणून थोडं वाचन केलं. तेव्हा कळलं की हा इतिहास शंभर वर्षांहून जुना आहे, आणि तो सुरू होतो तारेपासून. तार म्हटलं की आपल्या आईवडिलांच्या छातीत धस्स व्हायचं, ती तार. २०१३ च्या जुलैत आपल्या देशात बंद झाली ती.

अमेरिकेत इंडियाना विद्यापीठाचे विल्यम लो ब्रायन आणि नोबल हार्टर यांनी १८९७ आणि १८९९ मध्ये तारबाबूंच्या शिकण्यावर निबंध प्रसिद्ध केले. शिकाऊ माणूस मिनिटाला किती अक्षरं टिपतो याचा त्यांनी आठवड्यागणिक आलेख काढला. संदेश पाठवण्याची गती सलग वाढत जाई. ऐकून टिपण्याची गती मात्र काही काळ वाढून मध्येच सपाट होई आणि कितीतरी आठवडे तशीच राही, नेमकी मुख्य लाइनवर काम मिळण्याइतक्या गतीच्या थोडी खाली. पुष्कळ जण तिथेच सोडून देत. त्यांनी लावलेलं कारण असं : आधी कान एकेक अक्षर ऐकतो, मग शब्द, मग वाक्याचा तुकडा. खालची पायरी विचार न करता जमू लागेपर्यंत वरच्या पायरीसाठी लक्ष मोकळं होत नाही. वाचताना मला सरांची ओसरी आठवली. मी अक्षरं ऐकत होते, वाक्य ऐकू येत नव्हतं.

पण गोष्ट इथे संपत नाही. दुसऱ्या महायुद्धात सैनिकांना मोर्स शिकवण्यावर काम केलेले मानसशास्त्रज्ञ फ्रेड केलर यांनी १९५८ मध्ये एक लेख लिहिला, 'भासमान पठार' अशा अर्थाच्या मथळ्याचा. त्यांचं म्हणणं होतं की असं पठार प्रत्येकाच्या वाट्याला येतंच असं नाही. हे मला जास्त मोलाचं वाटतं. पठार हा काही निसर्गनियम नाही. बरेचदा तो सरावाच्या पद्धतीचा दोष असतो. नुसता धीर धरून भागत नाही. पद्धत तपासावी लागते.

आजच्या मुलांचं गणित आणखी गुंतागुंतीचं आहे. नीट २०१३ मध्ये आली, त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली, २०१६ मध्ये परत आली, आणि २०१७ पासून ती मराठीतही देता येते. तिथे चुकीच्या उत्तराला एक गुण कापतात, म्हणजे माझी कोरे न सोडण्याची युक्ती तिथे डोळे मिटून चालणार नाही. राज्याची सीईटी २०१९ पासून संगणकावर होते आणि निकाल पर्सेंटाइलमध्ये लागतो. पर्सेंटाइल म्हणजे तुमचे गुण नव्हेत, तुमच्या मागे किती टक्के मुलं आहेत ते. तुमची तयारी वाढली आणि बाकीच्यांचीही तेवढीच वाढली, तर आकडा जागचा हलत नाही. पालकांनो, तो आकडा पाहून मुलांवर ओरडण्याआधी मूळ गुण आणि चुका बघा.

आता एक गोष्ट, जिच्याबद्दल लिहायची तिने परवानगी दिली आहे. आपल्या वर्गातली एक मैत्रीण माझ्याबरोबरच तयारी करत होती. गणितात माझ्यापेक्षा कधीही सरस. तिचे गुण ११८ वर अडकले. मी सरांकडे गेले, त्या आठवड्यात ती आजोळी होती. परत आली तेव्हा मी माझ्याच नादात होते. ती तीन रकान्यांची वही मी तिला दाखवली नाही. ती परीक्षेला बसलीच नाही. मागच्या महिन्यात फोनवर मी तिची माफी मागितली. ती हसली आणि म्हणाली, "मला वाटलं, माझं डोकं तेवढंच." तिचा मुलगा यंदा अकरावीत आहे.

म्हणून एक सुचवते. मेळाव्याच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी, शाळेची एक खोली आपण मागून घेऊ. ज्यांची मुलं, भाचे, पुतणे तयारी करत आहेत त्यांनी सराव पेपर घेऊन यावं. गुण कोणी विचारणार नाही. फक्त तीन रकाने आखू आणि चुका मोजू. सरांनी यायचं कबूल केलं आहे. माझी भाची तिचे पेपर घेऊन येते आहे, आणि माझ्या मैत्रिणीचा मुलगाही.