माजिवडा नाका की माजिवड्याचा नाका?

१/ ‘माजिवड्याचा नाका’ ही षष्ठी. ‘माजिवडा नाका’ हा समास. पहिल्यात प्रत्यय लागून नावाचे सामान्यरूप होते; दुसऱ्यात प्रत्यय लोपतो, नाव अखंड राहते.

२/ इंग्रजीत हाच भेद अपॉस्ट्रॉफी दाखविते. १८४५ साली मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झाले, तेव्हा गव्हर्नर रॉबर्ट ग्रँट निवर्तून सात वर्षे लोटली होती. नाव स्मरणार्थ, षष्ठी नाही.

३/ १८६९ चे सेंट झेवियर्स कॉलेज मात्र षष्ठीचे. संत तेथे मालक नव्हे, आश्रयदाता. मराठीत चिन्ह गळाले, ‘स’ तेवढा उरला.

४/ क्रॉफर्ड मार्केटची पुढे महात्मा जोतिबा फुले मंडई झाली. नाव पालटले, समास टिकला: स्मृती एकाची, मंडई सर्वांची.