ऑनलाइन खेळांतील ‘लॅग’ : दोष नेमका कुठे शोधावा?

नेम अचूक धरावा, कळ दाबावी आणि पडद्यावर मात्र आपलाच खेळाडू कोसळलेला दिसावा, हा अनुभव ऑनलाइन खेळ खेळणाऱ्यांना नवा नाही. धावता प्रतिस्पर्धी जागच्या जागी थिजतो आणि पुढच्या क्षणी दहा पावले पुढे प्रकटतो. भिंतीआड गेल्यावरही गोळी लागते. ऐन शेवटच्या फेरीत ‘संपर्क तुटला’ अशी सूचना झळकते. या साऱ्या प्रकारांना मिळून खेळाडू ‘लॅग’ हा एकच शब्द वापरतात आणि त्यावर उपायही बहुधा एकच योजला जातो. तो म्हणजे अधिक वेगाची, अधिक महाग इंटरनेट योजना घेणे. घरातील बिल वाढते, लॅग मात्र जागेवरच राहतो.

याचे कारण असे की, ताप हा जसा स्वतंत्र रोग नसून लक्षण असते, तसेच लॅगचेही आहे. त्यामागे निदान पाच-सहा निरनिराळी कारणे संभवतात आणि प्रत्येकाचा उपाय वेगळा असतो. हांगझोऊ येथे २०२३ मध्ये झालेल्या आशियाई क्रीडा स्पर्धांत ई-स्पोर्ट्सला प्रथमच पदकांचा दर्जा मिळाला. या खेळांकडे गांभीर्याने पाहणाऱ्या तरुणासाठी आणि त्याच्या जोडणीचे पैसे भरणाऱ्या पालकांसाठी योग्य निदान म्हणूनच महत्त्वाचे ठरते. हे निदान घरबसल्या, कोणताही खर्च न करता करता येते. त्याची पद्धत येथे क्रमाने दिली आहे.

वेग आणि विलंब यांतील फरक

योजनेच्या जाहिरातीत दिलेला शंभर किंवा तीनशे मेगाबिटचा आकडा हा जोडणीची क्षमता सांगतो. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाच्या मार्गिका वाढवल्या, तर एकाच वेळी अधिक गाड्या जाऊ शकतील. मोकळ्या रस्त्यावर एका गाडीला पुण्यास पोहोचण्यासाठी लागणारा वेळ मात्र तेवढाच राहील. खेळाला महत्त्व असते ते या दुसऱ्या गोष्टीचे. प्रत्यक्ष सामना चालू असताना बहुतेक खेळांना सेकंदाला एक मेगाबिटपेक्षाही कमी क्षमता पुरते. मोठी क्षमता उपयोगी पडते ती खेळ उतरवून घेताना किंवा घरातील अनेकजण एकाच वेळी इंटरनेट वापरत असताना.

निदानासाठी तीन मोजमापे लक्षात ठेवावीत. पहिले पिंग, म्हणजे आपल्या यंत्राकडून निघालेला संदेश सर्व्हरपर्यंत जाऊन परत येण्यास लागणारा वेळ. तो मिलिसेकंदांत, म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या भागांत मोजतात. नेमबाजीच्या खेळांत पन्नासच्या आतील पिंग उत्तम मानावे. शंभरच्या पुढे फरक जाणवू लागतो आणि दीडशेपलीकडे बरोबरीचा सामना अवघड होतो. दुसरे जिटर, म्हणजे पिंगमधील चढउतार. स्थिर ऐंशीचे पिंग हे तीस आणि दोनशे यांच्यात हिंदकळणाऱ्या पिंगपेक्षा बरे. तिसरे पॅकेट लॉस, म्हणजे वाटेत गहाळ झालेल्या संदेशांचे प्रमाण. संकेतस्थळ उघडताना हरवलेला संदेश पुन्हा मागवला जातो. वेगवान खेळांत बहुधा यूडीपी ही पद्धत वापरतात आणि तीत अशी आपोआप फेरमागणी नसते, कारण खेळाडूची जुनी जागा उशिरा कळून उपयोग नसतो. प्रतिस्पर्धी थिजून एकदम उडी मारल्यासारखा दिसतो, तेव्हा बहुधा मधले काही संदेश हरवलेले असतात.

भिंतीआड गेल्यावर गोळी लागण्याचा प्रकार मात्र वेगळा आहे. मारणाऱ्याने कळ दाबली त्या क्षणी त्याच्या पडद्यावर काय दिसत होते, हे सर्व्हर किंचित मागे जाऊन तपासतो. ‘हाफ-लाइफ’ची निर्माती कंपनी व्हॉल्व्ह येथील यान बर्नियर यांनी २००१ मध्ये ही पद्धत सविस्तर मांडली. तिच्यामुळे अधिक पिंग असलेल्यालाही नेमबाजी करता येते. पण त्याची किंमत कधी कधी समोरच्याला मोजावी लागते. अशा वेळी दोष आपल्याच जोडणीचा असेल असे नाही.

पहिली पायरी : यंत्र की जाळे?

चित्र अडखळणे आणि जाळे अडखळणे यांत खेळाडूंची नेहमी गफलत होते. संगणक किंवा मोबाइल सेकंदाला पुरेशी चित्रे रेखाटू शकला नाही, तर खेळ अडखळतो. त्याचा इंटरनेटशी संबंध नसतो. हे ओळखण्याची सोपी परीक्षा म्हणजे खेळातील एकट्याने खेळण्याचा किंवा सरावाचा, जोडणी न लागणारा प्रकार उघडून पाहणे. तेथेही अडखळत असेल, तर दोष यंत्राचा. ग्राफिक्सचा दर्जा कमी करावा, मागे चालू असलेले कार्यक्रम बंद करावेत, मोबाइल तापला असल्यास तो थंड होऊ द्यावा आणि बॅटरी बचतीची सोय बंद करून पाहावी. अनेक खेळांच्या मांडणीत चित्रांचा दर, पिंग आणि पॅकेट लॉस पडद्याच्या कोपऱ्यात दाखवण्याची सोय असते. ती कायम चालू ठेवावी.

दुसरी पायरी : घरातील जाळे

पिंग मोजण्याचे साधन अमेरिकेतील माइक म्यूस यांनी १९८३ मध्ये लिहिले. पाणबुडी शोधणाऱ्या सोनार यंत्राच्या आवाजावरून त्याला हे नाव पडले. विंडोज संगणकात ते अंगचेच असते. कमांड प्रॉम्प्टची खिडकी उघडून प्रथम ‘आयपीकॉन्फिग’ ही आज्ञा द्यावी. ‘डिफॉल्ट गेटवे’ या शब्दांपुढे दिसणारा पत्ता आपल्या राऊटरचा असतो. तो बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असा असतो. आता ‘पिंग’ ही आज्ञा, त्यापुढे हा पत्ता आणि शेवटी उणे चिन्हासह टी हे अक्षर लिहावे. मोजणी सतत चालू राहील. कंट्रोल आणि सी या कळा एकत्र दाबल्या की ती थांबते आणि गोषवारा मिळतो.

राऊटर घरातच असल्याने केबलने जोडलेल्या संगणकावर हा आकडा एक मिलिसेकंद किंवा त्याहून कमी, तर चांगल्या वाय-फायवर काही मोजके मिलिसेकंद यावा. तो मध्येच पन्नास, दोनशे असा उसळत असेल किंवा ‘रिक्वेस्ट टाइम्ड आउट’ अशा ओळी येत असतील, तर सेवा देणाऱ्या कंपनीला दोष देण्याचे कारण नाही. दोष घरातल्या घरात आहे.

वाय-फायच्या २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यात शेजारपाजारचे राऊटर, ब्लूटूथ उपकरणे आणि मायक्रोवेव्ह ओव्हन यांची गर्दी असते. या पट्ट्यातील १, ६ आणि ११ या वाहिन्या एकमेकींवर चढत नाहीत, म्हणून त्यांपैकी मोकळी निवडावी. शक्य असल्यास ५ गिगाहर्ट्झचा पट्टा वापरावा. तो जाड भिंतींतून कमी पोहोचतो, म्हणून राऊटर त्याच खोलीत असलेला बरा. या साऱ्यांहून खात्रीचा उपाय म्हणजे साधी नेटवर्क केबल. महागडा ‘गेमिंग’ राऊटर घेण्यापूर्वी केबल लावून एक दिवस खेळून पाहावे. लॅग नाहीसा झाला, तर निदान तेथेच संपले.

तिसरी पायरी : तुंबलेला राऊटर

पुष्कळ घरांत एक विचित्र प्रकार घडतो. दुपारी खेळ सुरळीत चालतो. पण कोणी मोबाइलमधील छायाचित्रे चढवू लागले किंवा व्हिडिओ कॉल सुरू केला की पिंग वीसवरून तीनशेवर जाते. राऊटर किंवा मोडेम बाहेर जाणारे संदेश न टाकता लांबलचक रांगेत उभे करतो आणि खेळाचा छोटा संदेश त्या रांगेच्या शेवटी अडकतो. या दोषाला ‘बफरब्लोट’ असे नाव असून जिम गेटिस यांनी २०१० च्या सुमारास त्याकडे जगाचे लक्ष वेधले.

परीक्षा सोपी आहे. ८.८.८.८ या गुगलच्या सार्वजनिक पत्त्याकडे सतत पिंग चालू ठेवावे आणि त्याच वेळी दुसऱ्या उपकरणावरून मोठी फाइल चढवावी. पिंग किरकोळ वाढले तर ठीक. कित्येक पटींनी वाढले तर बफरब्लोट आहे. काही राऊटरांत ‘क्यूओएस’ किंवा ‘एसक्यूएम’ या नावाची सोय असते. तीत प्रत्यक्ष मोजलेल्या वेगाच्या सुमारे ८५ ते ९० टक्के मर्यादा घातली की रांग साचत नाही. ती सोय नसेल, तर सामन्याच्या वेळी छायाचित्रांचा साठा आपोआप चढवण्याचे काम थांबवावे. घरातील भांडणही मिटते.

चौथी पायरी : राऊटरच्या पलीकडे

राऊटरपर्यंतचे पिंग स्वच्छ, घरात दुसरा कोणी वापर करत नाही आणि तरीही लॅग आहे, अशा वेळी ‘ट्रेसर्ट’ ही आज्ञा वापरावी. संदेश कोणकोणत्या टप्प्यांतून जातो आणि प्रत्येक टप्प्यापर्यंत किती वेळ लागतो, याची यादी ती देते. पहिला टप्पा आपला राऊटर आणि त्यापुढचे काही टप्पे सेवादात्याचे असतात.

ही यादी वाचताना एक चूक हमखास होते. मधल्याच एखाद्या टप्प्यावर मोठा आकडा किंवा तारांकने दिसली की तेथेच दोष आहे असे समजले जाते. वस्तुतः अनेक राऊटर पुढे जाणारी रहदारी प्रथम पाठवतात आणि अशा चाचणीला सवडीने उत्तर देतात, किंवा देतच नाहीत. एखाद्या टप्प्यापासून वाढलेला विलंब शेवटपर्यंत कायम राहिला, तरच तो खरा मानावा. ‘पाथपिंग’ ही आज्ञा काही मिनिटे घेते, पण टप्प्याटप्प्यावरील पॅकेट लॉसही दाखवते.

सकाळी सात वाजता आणि रात्री नऊ वाजता अशा दोन्ही वेळी ही चाचणी घ्यावी. सकाळी स्वच्छ आणि रात्री खराब असा फरक रोज दिसला, तर सेवादात्याच्या जाळ्यावर रात्री ताण येतो, असा अर्थ निघतो.

अंतराचे गणित

काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. म्हणजे दर शंभर किलोमीटर अंतरामागे जाऊन-येऊन एक मिलिसेकंद खर्ची पडतो. नागपूरहून मुंबईतील सर्व्हरसाठी हा हिशेब सातच्या आसपास येतो. मुंबईहून सिंगापूरसाठी सुमारे एकोणचाळीस आणि फ्रँकफुर्टसाठी पासष्ट. प्रत्यक्ष तारा सरळ रेषेत नसल्याने आणि वाटेत यंत्रे असल्याने खरा आकडा यापेक्षा बराच अधिक असतो. तो याहून कमी मात्र कोणत्याही योजनेने होणार नाही. म्हणून खेळाच्या मांडणीत सर्व्हरचा विभाग कोणता निवडला आहे, हे आधी पाहावे. ‘व्हॅलोरंट’ आणि ‘काउंटर-स्ट्राइक’सारख्या खेळांचे सर्व्हर मुंबईत आहेत, तरीही चुकून दुसरा विभाग निवडलेला असू शकतो.

कधी कधी दोष समुद्रतळाशी असतो. तांबड्या समुद्रातील केबलांना २०२४ च्या आरंभी आणि पुन्हा सप्टेंबर २०२५ मध्ये इजा झाली, तेव्हा आशिया आणि युरोप यांच्यातील रहदारीला आडवळणाने जावे लागले. पिंग कमी करून देण्याचे आश्वासन देणाऱ्या सशुल्क सेवांचा उपयोगही अशाच वेळी, म्हणजे सेवादात्याचा मार्ग वाकडा असेल तेव्हाच, होण्याचा संभव असतो. मार्ग सरळ असताना त्या एक टप्पा वाढवतात, इतकेच.

जोडणीच तुटत असेल तर

प्रथम खेळाचा सर्व्हर बंद नाही ना, हे निर्मात्यांच्या अधिकृत पानावर पाहावे. मग राऊटरवरील दिव्यांकडे लक्ष द्यावे. फायबरच्या यंत्रावर ‘एलओएस’चा तांबडा दिवा लागला असेल, तर तार तुटली, वाकली किंवा सुटली आहे. वीज जाऊन इन्व्हर्टर सुरू होण्याच्या क्षणात राऊटर बंद पडून पुन्हा चालू होत असेल, तर राऊटरसाठी मिळणारा छोटा यूपीएस पुरतो.

सामना चालतो, पण मित्राच्या खोलीत प्रवेश मिळत नाही किंवा आवाज पोहोचत नाही, ही तक्रार बहुधा ‘नॅट’ची असते. राऊटरमध्ये ‘यूपीएनपी’ चालू करून पाहावे. राऊटरला बाहेरून मिळालेला पत्ता १००.६४ ते १००.१२७ या आकड्यांनी सुरू होत असेल, तर सेवादात्याने एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटला आहे. अशा वेळी राऊटरमधील ‘पोर्ट फॉरवर्डिंग’ची खटपट व्यर्थ असते. आयपीव्ही६ सुरू करणे किंवा स्वतंत्र सार्वजनिक पत्ता मागणे, हेच मार्ग उरतात.

तक्रार पुराव्यासह

‘नेट हळू चालते’ या तक्रारीला ‘राऊटर बंद करून चालू करा’ हेच उत्तर मिळते. त्याऐवजी केबल लावून घेतलेल्या चाचण्यांची चार-पाच दिवसांची नोंद ठेवावी. त्यात दिनांक, वेळ, राऊटरपर्यंतचे पिंग, सेवादात्याच्या पहिल्या टप्प्यापर्यंतचे पिंग, खेळाच्या सर्व्हरपर्यंतचे पिंग आणि पॅकेट लॉसची टक्केवारी असावी. पहिला आकडा चांगला आणि पुढचे वाईट असे दाखवता आले, की जबाबदारी ढकलण्यास जागा राहत नाही. तक्रारीचा क्रमांक लिहून घ्यावा. समाधान न झाल्यास सेवादात्याच्याच अपील प्राधिकरणाकडे दाद मागता येते.

थोडक्यात, शोधाचा क्रम नेहमी आतून बाहेर असावा : यंत्र, वाय-फाय, राऊटर, सेवादाता आणि शेवटी सर्व्हर. या पाचही ठिकाणी मोजणी झाल्याशिवाय योजना बदलू नये आणि नवे उपकरणही घेऊ नये. मोजणीनंतर बहुतेकदा असे दिसते की, हजारो रुपयांच्या राऊटरचे काम काही मीटर केबलने भागणार होते.