सिद्दी बायांची कवंदी

हबशी किंवा सिद्दी म्हटले की मराठी मुसलमानाला दोनच गोष्टी आठवतात. एक मलिक अंबर आणि दुसरा जंजिरा. पहिल्याचा आपल्याला अभिमान आहे, दुसऱ्याचा विषय निघाला की आपण जरा सावरून बसतो. मलिक अंबर १५४८ च्या सुमारास इथिओपियात जन्मला, लहानपणी विकला गेला, हातोहात फिरत अहमदनगरला पोहोचला आणि पुढे निजामशाहीचा कर्ताधर्ता झाला. खडकी त्याने वसवली, तेच नंतरचे औरंगाबाद. १६२६ मध्ये वारला, कबर खुलताबादला आहे. वर्गात ही गोष्ट सांगताना मुले कान टवकारून ऐकतात. ऐकणारच, कारण गुलामाचा वजीर होतो.

पण आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून माणसे भरून आणणारी जहाजे वजीर आणत नव्हती. ती मजूर आणत होती, पाणक्ये आणत होती, घरकामाला बायका आणत होती. या बायकांची नावे कोणत्याही तवारिखेत नाहीत. त्यांच्या वंशातल्या बायांनी जे मागे ठेवले ते जुन्या कापडावर आहे. त्याला कवंदी म्हणतात.

कवंदी म्हणजे सोप्या भाषेत आपली गोधडीच. बनवतात ती उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी बाया. यल्लापूर, हल्याळ, मुंडगोड या घाटमाथ्याच्या जंगलपट्ट्यात त्यांची वस्ती आहे. हा भाग आपल्याला परका नाही. १८६२ पासून १९५६ पर्यंत हा जिल्हा मुंबई इलाख्यात होता. इथल्या सिद्दींचे बरेचसे पूर्वज पोर्तुगीजांनी गोव्यात आणलेले गुलाम. काही सुटले, काही पळाले आणि घाट चढून रानात शिरले, कारण तिथे मालकाचा हात पोहोचत नव्हता. काही दख्खनच्या शाह्यांच्या चाकरीतून आले. पुढे पिढ्यान् पिढ्या दुसऱ्यांच्या सुपारीच्या बागांत आणि शेतांत मजुरी. त्यांची बोली कोकणीच्या अंगाची आहे, आणि तिच्यात कन्नड, मराठी, उर्दू असे सगळेच मिसळलेले आहे. माझ्यासारख्या दोन भाषा शिकवणाऱ्याला तर ती बोलीच ठिगळांची वाटते, आणि हे मी कौतुकाने म्हणतो.

आता कवंदी शिवतात कशी ते पाहू, कारण खरी गंमत तिथे आहे. आपल्याकडे बहुतेक घरांत आधी थर अंथरतात, वर एखादे बरे लुगडे घालतात, कच्चे टाके घालून सगळे जागच्या जागी बसवतात आणि मग धावदोरा घालत जातात. कवंदीत वरचे कापड आधी तयार नसते. खाली जुनी साडी अंथरायची, जमिनीवर बसायचे आणि एका कोपऱ्यापासून सुरुवात करायची. एक तुकडा ठेवायचा, त्याची कड आत दुमडायची, जाड दोऱ्याने शिवायचा. त्याला लागून दुसरा. असे कडेकडेने एक फेरी पूर्ण करायची, मग तिच्या आत दुसरी, आणि शेवटी मध्यभागी येऊन थांबायचे. म्हणजे ठिगळ लावणे आणि थर एकमेकांना धरून ठेवणे ही दोन्ही कामे एकाच टाक्यात होतात. नकाशा कागदावर नसतो. कुर्त्याचा तुकडा संपला की शाळेच्या गणवेशाचा, तो संपला की परकराचा. जे हाताला येईल त्यावर पुढचा रंग ठरतो. तरी पुरी झालेली कवंदी लांबून पाहिली तर गोंधळ दिसत नाही, लय दिसते.

चारही कोपऱ्यांवर घड्या घातलेले त्रिकोणी तुकडे बसवतात. त्यांना ‘फुला’ म्हणतात. पांघरणाच्या उपयोगाला त्यांची काहीच गरज नाही. पण त्यांच्याशिवाय कवंदी उघडी दिसते, असे त्या बाया मानतात.

हे काम करतात मुख्यतः मुस्लिम आणि ख्रिस्ती सिद्दी बाया. कोणाच्या कवंदीत चंद्रकोर येते, कोणाच्या कवंदीत क्रूस. पण पद्धत तीच, टाका तोच.

अमेरिकेतले कला-इतिहासकार हेन्री ड्रूअल यांनी या कवंद्यांचा बारकाईने अभ्यास केला. त्यांच्या प्रयत्नांतून २००४ मध्ये सिद्दी बायांची एक सहकारी संस्था उभी राहिली आणि कवंद्यांची प्रदर्शने परदेशात भरली. ठसठशीत रंग आणि ठरीव नक्षीला दिलेला फाटा यांत त्यांना आफ्रिकी सौंदर्यदृष्टीशी नाते दिसते. मला हे अर्धे पटते. उत्तर कर्नाटकात सगळ्याच जातींच्या घरी कौदी शिवतात, आणि कौदी, कवंदी, आपली वाकळ, दख्खनी घरातली गुदडी ही सगळी एकाच कुळातली आहेत. आफ्रिकेतून साखळदंडात आणलेल्या बाईने सोबत गाठोडे आणले नसणार. तिने इथल्या शेजारणीकडून टाका घेतला आणि आपल्या डोळ्याने रंग लावला, असे मानणे मला जास्त न्याय्य वाटते. सगळे आफ्रिकेचे म्हटले की सिद्दी पुन्हा परके ठरतात. चारशे वर्षे या मातीत राबूनही ‘तुम्ही मूळचे कुठले?’ हा प्रश्न त्यांना आजही ऐकावा लागतो. या जिल्ह्यातल्या सिद्दींना अनुसूचित जमातीचा दर्जा मिळायला २००३ उजाडले.

हा प्रश्न आपल्यालाही ओळखीचा आहे, हे वेगळे सांगायला नको.

दुसरी एक गोष्ट टोचते. आपल्या घरांत पाहुणे आले की गुदडी आत जाते आणि बाजारातली फुलाफुलांची रजई बाहेर येते. ठिगळाची लाज ही अलीकडची आहे. हजरत उमर खलिफा असताना त्यांच्या दोन खांद्यांमध्ये एकावर एक शिवलेली तीन ठिगळे आपण पाहिली, असे हजरत अनस सांगतात. इमाम मालिक यांच्या मुवत्तामध्ये ही नोंद आहे. सूफींची गोधडी, म्हणजे मुरक्का, हा शब्दच ठिगळावरून आला. अली हुजविरी यांनी ‘कश्फुल महजूब’मध्ये तिच्यावर स्वतंत्र प्रकरण लिहिले. ठिगळे नीट मापात लावावीत की सुई जाईल तशी, यावरसुद्धा सूफींमध्ये दोन मते होती. पण तिथे पांघरणाऱ्या बुजुर्गांची नावे मिळतात. शिवणाऱ्या हातांची तिथेही क्वचितच.

जुन्या कवंद्या शोधायला गेले तर अडचण येते ती इथेच. घाटातला पाऊस, मातीची जमीन, रोजचा वापर. कापड किती टिकणार? आपल्याकडे गोधडी विरली की तिच्यावर नवे अस्तर चढवतात आणि ती नव्या गोधडीच्या पोटात जाते. उसवून पाहिले तर आत आजीचे लुगडे सापडते, त्याच्या आत आणखी कोणाचे तरी.