चाके व टायर यांची जुळणी : शर्यतमार्गावरील क्रीडामोटार

मोटारीच्या हबवर किती व्यासाचे, किती रुंदीचे व किती ऑफसेटचे चाक बसवावे आणि त्या चाकावर कोणत्या मापाचा व कोणत्या प्रकृतीच्या रबराचा टायर चढवावा, यासंबंधीचा निर्णय. रोजच्या वाहतुकीसाठी हा निर्णय कारखान्याने आधीच करून ठेवलेला असतो व मालकास त्यात हात घालण्याची गरज सहसा पडत नाही. परंतु तीच मोटार जेव्हा बंदिस्त शर्यतमार्गावर नेली जाते आणि रस्त्यावर क्वचितच उद्भवणारे वळणांतील व ब्रेकखालील जोर तिच्या चारही टायरांवर फेरीमागून फेरी येऊ लागतात, तेव्हा कारखान्याची तजवीज अपुरी ठरते आणि जुळणीचा सगळा हिशेब मुळापासून पुन्हा मांडावा लागतो. हा विषय निव्वळ सामान्य तत्त्वांनी उलगडत नाही. सबब येथे १९८९ साली प्रथम विक्रीस आलेली माझ्दा एमएक्स-५, जपानातील रोडस्टर, हिचा दाखला मुख्यत्वे घेतला आहे.

सुमारे ९५० किलोग्रॅम वजनाची, मागच्या चाकांना गती देणारी आणि चारही कोपऱ्यांवर दुहेरी विशबोनचे निलंबन असलेली ही दोन आसनी मोटार जगभरच्या हौशी शर्यतपटूंची पाठशाळा ठरली. जपानात त्सुकुबा येथील २ किलोमीटरांहून थोड्या अधिक लांबीच्या शर्यतमार्गावर मोटारविषयक नियतकालिकांच्या संघांची चार तासांची रोडस्टर शर्यत १९८९ पासून भरत आली आहे, आणि अमेरिकेतील क्लबांच्या शर्यतींत या गाडीइतका राबता क्वचितच दुसऱ्या गाडीचा असेल. मूळच्या १.६ लिटर गाडीची चाके १४ इंच व्यासाची, ५.५ इंच रुंदीची व ४५ मिलीमीटर ऑफसेटची असून त्यांवर १८५/६० आर १४ मापाचे टायर येत. चार बोल्ट १०० मिलीमीटर व्यासाच्या वर्तुळावर बसविलेले, आणि हबचा मध्यभाग ५४.१ मिलीमीटर व्यासाचा. बाजारात मिळणाऱ्या बहुतेक चाकांचे मधले भोक अनेक गाड्यांना चालावे म्हणून मुद्दाम मोठे ठेवलेले असते. अशा वेळी मधली फट भरणारी कडी न घातल्यास चाक हबवर नेमके मध्यभागी बसण्याची सारी जबाबदारी नटांच्या शंकूवर येते, आणि बसविताना किंचितही हयगय झाली की वेगात सुकाणू थरथरू लागते.

जुळणीचा क्रम ठरविताना बहुतेक माणसे चाकापासून आरंभ करतात, कारण चाक डोळ्यांत भरते. हा क्रम उलटा आहे. जमिनीशी संबंध टायरचा येतो, म्हणून आधी टायर ठरवावा, त्याला साजेशी रुंदी रिमला द्यावी आणि ती रुंदी चाकाच्या कमानीत सामावून घेणारा ऑफसेट शेवटी शोधावा. टायर रुंद केल्याने जमिनीला टेकणारे क्षेत्र त्याच प्रमाणात वाढते, हा समज सार्वत्रिक असला तरी बरोबर नाही. ते क्षेत्र प्रामुख्याने चाकावरील भार व आतल्या हवेचा दाब यांवर अवलंबून असते. रुंदीमुळे बदलतो तो त्याचा आकार, म्हणजे लांबट ठसा आखूड व आडवा होतो, आणि त्यामुळे वळणात टायर कमी मुरडतो व सुकाणूला लवकर प्रतिसाद देतो. शिवाय भार वाढत गेला की रबराची पकड त्या प्रमाणात वाढत नाही, मागे पडत जाते. म्हणून हलक्या गाडीला मध्यम रुंदीचा टायरही पुष्कळ पुरतो, आणि एमएक्स-५ चे सामर्थ्य नेमके या हलकेपणात आहे.

१५ इंची चाकावर २०५/५० किंवा २२५/४५ हे दोन पर्याय या गाडीसाठी रूढ आहेत. मूळच्या टायरचा एकूण व्यास गणिताने सुमारे ५७८ मिलीमीटर येतो. २०५/५० आर १५ चा ५८६ व २२५/४५ आर १५ चा सुमारे ५८४, म्हणजे गिअरांच्या गुणोत्तरात किंवा वेगदर्शकात जाणवण्याजोगा फरक पडत नाही. केवळ दिसण्यासाठी १७ इंची चाके चढविण्याची हौस या गाडीच्या बाबतीत सर्वथा चुकीची आहे, कारण व्यास वाढला की चाकाचे वजन वाढते, तेही परिघाकडे वाढते, आणि स्प्रिंगने न पेललेले हे वजन खडबडीत पृष्ठभागावर टायरला जमिनीला चिकटून राहू देत नाही. मिळते ते फक्त मोठ्या ब्रेकला जागा, जिची या गाडीला गरज नाही. मूळच्या पुढच्या डिस्क २३५ मिलीमीटरच्या व १.८ लिटर गाडीच्या २५५ मिलीमीटरच्या आहेत. दोन्ही १५ इंची चाकात सहज मावतात. मात्र कॅलिपर व चाकाचे आरे यांमधील अंतर व्यासावरून कळत नाही, ते आऱ्यांच्या वळणावर अवलंबून असते, तेव्हा ते प्रत्यक्ष चाक लावूनच पाहावे.

रिमच्या रुंदीबाबत टायरनिर्मात्यांची कोष्टके हा पहिला आधार मानावा. २०५/५० आर १५ साठी ती ५.५ ते ७.५ इंचांची मुभा देतात, २२५/४५ आर १५ साठी साधारण ७ ते ८.५ इंचांची. शर्यतमार्गावर २०५ चा टायर ८ इंची रिमवर ताणून बसविण्याचा प्रघात आहे व त्याने टायरच्या बाजूच्या भिंती ताठ होतात हेही खरे. तथापि कोष्टकाबाहेर जाताना आपण निर्मात्याच्या हमीबाहेरही जातो, याची जाणीव ठेवूनच तसे करावे. ८ इंची रिमवर २२५/४५ हा मार्ग नियमांत बसतो, आणि अनुभवही त्याच्याच बाजूने आहे.

आता ऑफसेट. चाकाच्या रुंदीचा मध्य आणि हबला टेकणारा पृष्ठभाग यांमधील अंतर म्हणजे ऑफसेट. तो पृष्ठभाग बाहेरच्या बाजूस असेल तर ऑफसेट धन. १५ बाय ८ इंची व ३६ मिलीमीटर ऑफसेटचे चाक घेतल्यास, रिमच्या काठाची जाडी सोडून, त्याची आतली कड हबपासून १३७.६ मिलीमीटर आत जाते; मूळ चाकाची ११४.९ मिलीमीटर जात होती. म्हणजे निलंबनाच्या बाजूस सुमारे २३ मिलीमीटर जागा जास्त लागली. बाहेरची कड २४.९ वरून ६५.६ मिलीमीटरवर येते, म्हणजे मडगार्डाकडे सुमारे ४१ मिलीमीटर. या दोन आकड्यांपुढे दुकानदाराचे ‘बसतं की’ हे आश्वासन कवडीमोल आहे. हिशेब मांडल्यावरही कागदावरची जागा व प्रत्यक्षातली जागा यांत फरक पडतोच, म्हणून जाणता मेकॅनिक पुढच्या चाकावरील स्प्रिंग काढून ठेवतो, चाक लावून जॅकने हब हळूहळू वर चढवितो, प्रत्येक टप्प्यावर सुकाणू डाव्या व उजव्या टोकापर्यंत फिरवितो, आणि मडगार्डाची आतली दुमड, लायनिंगचा पत्रा, विशबोन व शॉकॲब्झॉर्बर या प्रत्येकापाशी बोट घालून फट चाचपतो. दुहेरी विशबोनमुळे चाक वर जाताना त्याचा माथा आत झुकतो, आणि म्हणून जे चाक गाडी उभी असताना कमानीबाहेर डोकावते तेच वळणात आत सामावते. मागच्या मडगार्डाची दुमड मात्र बहुधा लाटून सपाट करावी लागते. ऑफसेट ४५ वरून ३६ वर आणल्याने प्रत्येक चाकाचा मध्य ९ मिलीमीटर बाहेर सरकतो, सुकाणूला खड्ड्यांचे व ब्रेकचे धक्के अधिक जाणवतात आणि बेअरिंगवरील तरफ वाढते. ऑफसेट याहून पुष्कळ कमी करून, किंवा जाड स्पेसर घालून, चाके बाहेर काढण्यास म्हणून मर्यादा आहे.

चाके ओतीव, फ्लो-फॉर्म्ड किंवा घडीव असतात. घडीव चाक सर्वांत बळकट व महाग. फ्लो-फॉर्म्ड चाकात ओतलेल्या रिमचा घेर उष्णतेत दाबून फिरवीत पातळ व चिवट केलेला असतो आणि किंमत मध्यम राहते. जपानी बनावटीच्या चाकावर जेडब्ल्यूएल व व्हीआयए ही मजबुतीच्या चाचणीची चिन्हे असावीत. नामांकित चाकाची हुबेहूब नक्कल स्वस्तात मिळते, परंतु ब्रेक तापलेल्या चाकाचा आरा ताशी दीडशे किलोमीटर वेगात तुटल्यास त्याची भरपाई कोणत्याही किमतीत होत नाही.

टायरच्या रबराची प्रत अमेरिकी पद्धतीच्या ट्रेडवेअर आकड्यावरून अजमावण्याचा रिवाज आहे. टेक्सासमधील सार्वजनिक रस्त्यांवर ७,२०० मैल चालवून, प्रमाण टायरशी झीज ताडून हा आकडा काढतात, पण तो छापतो निर्माता स्वतः. सबब २०० लिहिलेले दोन टायर सारखेच असतील असे नाही. अमेरिकेतील एससीसीए या संस्थेच्या स्ट्रीट वर्गात किमान २०० ची अट असल्याने, त्या अटीत बसणारे पण पकडीने सेमी-स्लिकच्या, म्हणजे जवळजवळ नक्षीविरहित शर्यती टायरांच्या, जवळ जाणारे टायर निघाले आहेत. शिकाऊ चालकाने पहिल्या हंगामात याहूनही साधा टायर वापरावा, असे प्रस्तुत लेखकाचे ठाम मत आहे, कारण साधा टायर सुटण्यापूर्वी बराच वेळ किंचाळून इशारा देतो आणि चालकाची चूक उघडी पाडतो. चिकट टायर ती झाकून ठेवतो व सुटतो तेव्हा एकदम सुटतो.

चारही कोपऱ्यांवर एकच माप ठेवावे की मागे रुंद टायर घालावा, हे गाडीच्या वजनाच्या वाटणीवर अवलंबून आहे. मागे इंजिन असलेल्या पोर्शे ९११ जीटी३ च्या ९९२ पिढीत पुढे २५५/३५ आर २० व मागे ३१५/३० आर २१ असे माप येते, आणि ते त्या गाडीस आवश्यकच आहे. एमएक्स-५ चे वजन दोन्ही कण्यांवर जवळजवळ समान असल्याने तिला चारही टायर सारखे हवेत. शिवाय तसे असल्यास ते पुढचे मागे बदलून झीज सारखी करता येते. चाकण येथे तयार झालेल्या आणि भारतात एकाच बनावटीच्या शर्यतमालिकेत धावलेल्या फोक्सवॅगन पोलोत सारे उलट होते : गती, सुकाणू व बहुतांश ब्रेकचा भार पुढच्याच चाकांवर, त्यामुळे पुढचे टायर मागच्यांच्या कितीतरी आधी संपतात. तिचे बोल्ट पाच व हबचा मध्यभाग ५७.१ मिलीमीटरचा, म्हणून एमएक्स-५ चे चाक तिला लागतही नाही. हिशेबाची रीत मात्र तीच.

जुळणी बरोबर साधली की नाही याचा निवाडा शर्यतमार्गावर होतो. कारखान्याच्या मापाप्रमाणे पुढची चाके जवळजवळ उभी असतात, आणि गाडी वळणात कलली की सारा भार टायरच्या बाहेरच्या खांद्यावर येऊन तो खांदा एका दिवसात भुगा होतो. खालच्या विशबोनच्या बोल्टवरील विकेंद्री चकत्या फिरवून पुढे सुमारे उणे ३ अंश व मागे थोडा कमी कॅम्बर, म्हणजे चाकाच्या माथ्याचा आतल्या बाजूस झुकाव, द्यावा, आणि गाडी पिटमध्ये परतताच, टायर निवण्यापूर्वी, रबरात टोचावयाच्या तापमापकाने आतली, मधली व बाहेरची बाजू मोजावी. आतली बाजू बाहेरच्यापेक्षा किंचित गरम असावी. मध्य दोहोंहून तापला असल्यास हवा जास्त, थंड असल्यास कमी. हवेची नोंद गरम अवस्थेतलीच ग्राह्य धरावी : सकाळी २५ अंश सेल्सिअसला भरलेली २६ पौंड हवा टायर ७० अंशांवर पोहोचताच सुमारे ३२ पौंड होते, आणि आपणास गरमचे ३० पौंड हवे असतील तर आरंभ २४ पौंडांपासून करावा लागतो. दुपारी ऊन वाढले की हा हिशेब पुन्हा करावा.

नट टॉर्क रेंचनेच आवळावेत. या गाडीस कारखान्याने ८८ ते ११८ न्यूटन-मीटर अशी मर्यादा दिली आहे. पहिल्या फेऱ्यांनंतर, चाक निवल्यावर, ते पुन्हा तपासावेत, कारण नव्या चाकाची बैठक उष्णतेने दबते. टायरच्या बाजूवरील चार आकडी खुणेत बनावटीचा आठवडा व वर्ष असते. जुना टायर नक्षी शाबूत असूनही कडक झालेला असतो. रुंद चिकट टायर व कमी ऑफसेट यांचा भार शेवटी पुढच्या हबवर पडतो, आणि एमएक्स-५ चे पुढचे बेअरिंग शर्यतमार्गावर लवकर खिळखिळे होते ही गोष्ट सर्वश्रुत आहे. दर फेरीच्या दिवसाआधी चाक जॅकवर उचलून, माथा व तळ धरून हलवून पाहावे. खडखड हाताला लागली तर त्या दिवशी गाडी शर्यतमार्गावर नेऊ नये, आणि नव्या हबची किंमत टायरांच्या खर्चातच धरून ठेवावी.