फाटकावरची वही आणि सर्व्हरची नोंद

ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये १ ऑगस्ट १९६२ रोजी एक छोटासा समारंभ झाला. मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण अध्यक्षस्थानी होते. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ, म्हणजे आपल्या बोलण्यातले एमआयडीसी, त्या दिवशी जन्माला आले. पुढे या वसाहतीतल्या क्रमांकाच्या रस्त्यांवर लहानमोठे कारखाने उभे राहिले. कारखाना कसलाही असो, त्याच्या फाटकावर दोन गोष्टी हमखास असत: एक रखवालदार आणि एक वही. कोण आले, किती वाजता आले, कुणाकडे आले, परत केव्हा गेले, हे सारे त्या वहीत लिहिले जाई.

आज त्याच रस्त्यांवरच्या पुष्कळ भूखंडांवर काचेच्या इमारती दिसतात आणि आत यंत्रांऐवजी संगणक चालतात. इथल्या ज्या लहान उद्योजकाचे गिऱ्हाईक पूर्वी फाटकातून येई, त्याचे गिऱ्हाईक आता आधी त्याच्या संकेतस्थळावर येते. मग तिथे कोण आले, किती वेळ थांबले, कंटाळून परत गेले का, हे त्याला कसे कळावे? फाटकावरच्या वहीचे काम आता कोण करते? या प्रश्नाला तीस-पस्तीस वर्षांचा इतिहास आहे, आणि विद्यार्थ्यांना मोजमापाविषयी काही शिकवायचे असेल तर तो फार उपयोगाचा आहे.

टिम बर्नर्स-ली याने जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत १९८९ मध्ये वर्ल्ड वाइड वेबची कल्पना मांडली. १९९० च्या अखेरीस तिथे पहिला सर्व्हर चालू झाला. सर्व्हर म्हणजे मागितलेले पान काढून देणारा संगणक. प्रत्येक मागणीची एक ओळ लिहून ठेवण्याची सवय या यंत्रांना लवकरच लावण्यात आली. त्या ओळीत मागणाऱ्या संगणकाचा पत्ता, तारीख व वेळ, मागितलेल्या फायलीचे नाव, परिणाम सांगणारा तीन अंकी क्रमांक आणि पाठवलेल्या बाइटांची संख्या एवढेच असे. सगळे ठीक झाले तर २००, पान सापडले नाही तर ४०४. यंत्र कुठे अडते, त्याच्यावर किती भार पडतो, हे चालवणाऱ्याला कळावे एवढाच हेतू होता. ही वही व्यापाऱ्यासाठी नव्हती, फिटरसाठी होती.

अशा प्रत्येक ओळीला 'हिट' म्हणू लागले आणि गोंधळाला तिथेच सुरुवात झाली. समजा एका पानावर मजकूर आणि नऊ चित्रे आहेत. ते पान एका माणसाने एकदा उघडले की सर्व्हरकडे दहा मागण्या जातात आणि वहीत दहा ओळी पडतात. पानावर आणखी दहा चित्रे चिकटवली, तर वाचक एकही न वाढता हिट दुप्पट होतात. फाटकावरच्या रखवालदाराने माणसाबरोबर त्याची पिशवी, छत्री, डबा आणि दोन्ही चपला वेगवेगळ्या लिहिल्या तर जे होईल, तेच हे.

आपल्याकडे ही गोष्ट कधी पोहोचली? शिक्षण व संशोधन संस्थांना जोडणाऱ्या अर्नेट प्रकल्पाची सुरुवात १९८६ ची. जुहूच्या नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी या संस्थेचे आणि तिथल्या डॉ. श्रीनिवासन रमणी यांचे त्यात मोठे काम आहे. सामान्य ग्राहकासाठी विदेश संचार निगमाने १५ ऑगस्ट १९९५ रोजी मुंबईसह मोजक्या शहरांत इंटरनेट खुले केले. तेव्हाचा मोडेम सेकंदाला ९,६०० बिट इतक्या वेगाने चाले. वर्गात हे गणित घालून पाहावे: ४८,००० बाइटांचे पान, म्हणजे ३,८४,००० बिट, त्याला ९,६०० ने भागले की ४० सेकंद. आज २० लाख बाइटांचे पान कुणाला जड वाटत नाही. ते त्या मोडेमवर उतरवायला जवळजवळ २८ मिनिटे लागली असती! म्हणून पुष्कळ लोक चित्रे न उतरवण्याची सोय वापरत. त्यामुळे मघाच्या पानाचे दहा हिट न होता एकच होई. म्हणजे हिटची संख्या पानावर जशी अवलंबून होती, तशीच वाचकाच्या टेलिफोनच्या तारेवरही.

तरीही व्यापाराने याच आकड्याला धरले, कारण दुसरा आकडा नव्हता. पानाच्या तळाशी मोटारीच्या किलोमीटरदर्शकासारखे फिरते अंक असत, ते वाचकांना आठवत असतील. मुंबईत १९९६ मध्ये अजित बालकृष्णन यांनी रेडिफ सुरू केले आणि २००० च्या जूनमध्ये ती कंपनी अमेरिकेच्या नॅसडॅक बाजारात नोंदली गेली. तो काळ असा होता की नफा नसलेल्या कंपन्यांचीही किंमत किती पाने पाहिली गेली यावरून करत. हिटपेक्षा 'पाहिलेली पाने' हा आकडा अधिक प्रामाणिक खरा, कारण त्यात चित्रे वगळलेली असतात. पण पाने म्हणजेही माणसे नव्हेत.

हे स्पष्ट सांगणाऱ्यांत केंब्रिज विद्यापीठातला स्टीफन टर्नर होता. नोंदवही वाचून तक्ते काढणारा 'ॲनालॉग' नावाचा कार्यक्रम त्याने १९९५ मध्ये लिहिला व विनामूल्य वाटला. या वहीवरून किती माणसे आली हे कळू शकत नाही, असे त्याने कार्यक्रमासोबतच्या माहितीत बजावून ठेवले होते. आपल्या मालाची मर्यादा आपणच सांगणारा दुकानदार विरळा! त्याची कारणे समजण्यासारखी आहेत. शाळेच्या संगणककक्षातले तीस विद्यार्थी एकाच जोडणीतून बाहेर पडत असतील, तर सर्व्हरला एकच पत्ता दिसतो. ठेकेदाराने बारा मजुरांच्या वतीने एकट्याने सही करावी तसे हे झाले. उलट एकाच माणसाला टेलिफोनवरून दर वेळी नवा पत्ता मिळत असेल, तर तो पाच दिवसांत पाच माणसे होतो. शिवाय एकदा उतरवलेले पान वाटेतला एखादा संगणक स्वतःजवळ ठेवतो आणि पुढच्याला तिथूनच देतो. ते वाचन मूळ वहीत उमटतच नाही. पान जितके लोकप्रिय, तितकी ही गळती मोठी.

माणूस ओळखण्याचा एक मार्ग १९९४ मध्ये नेटस्केप कंपनीतल्या लू मोन्टुली याने काढला. देवळाबाहेर चपला ठेवल्यावर क्रमांकाचा बिल्ला मिळतो. सर्व्हरने तसा एक बिल्ला वाचकाच्या संगणकाला द्यावा आणि पुढच्या वेळी तो दाखवायला सांगावा. याला 'कुकी' म्हणतात. बिल्ल्यावर नाव नसते, पण हा कालचाच मनुष्य आहे एवढे कळते. अर्थात बिल्ला संगणकाला मिळतो, माणसाला नाही. घरातले चौघे एक संगणक वापरत असतील तर चौघांचा एकच बिल्ला.

दुसरा बदल अधिक खोल होता. पानातच एक छोटा कार्यक्रम घालून ठेवायचा. वाचकाच्या संगणकावर पान उघडले की तो स्वतःहून कळवतो: उघडले, इतक्या वेळाने उघडले, इतका वेळ वाचले. वाटेतल्या साठवणीतून आलेले पानही आता मोजले जाऊ लागले. मात्र ही माहिती बहुधा जाते ती मोजण्याचाच धंदा करणाऱ्या तिसऱ्या कंपनीकडे. वही आपल्या फाटकावरून उठली आणि साऱ्या वसाहतीच्या नाक्यावर बसलेल्या एका मुनिमाकडे गेली. कोण कोणत्या कारखान्यातून निघून कोणत्या कारखान्यात शिरला हे त्या मुनिमाला दिसते, कारखानदाराला दिसत नाही. व्यक्तिगत माहितीच्या रक्षणाचा कायदा आपल्या संसदेने २०२३ मध्ये केला, त्यामागच्या चिंतांपैकी ही एक आहे.

सॅन दिएगोची अर्चिन ही मोजणी करणारी कंपनी गूगलने २००५ मध्ये विकत घेतली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तिचे साधन 'गूगल ॲनालिटिक्स' या नावाने फुकट दिले. त्यावर इतकी झुंबड उडाली की काही दिवसांतच नवी नोंदणी थांबवावी लागली, आणि ती सर्वांना पुन्हा खुली व्हायला ऑगस्ट २००६ उजाडला. गर्दी मोजणारे यंत्रच गर्दीत सापडले.

गर्दीचे शास्त्र मात्र संगणकाहून जुने आहे. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणारा गणिती ए. के. एरलांग याने १९०९ मध्ये टेलिफोनच्या मागण्यांवर संभाव्यतेचे गणित लावले. त्यातून रांगांचा सिद्धान्त वाढला. त्याचा एक निष्कर्ष तिकिटाच्या खिडकीवरून समजतो. खिडकी एक, प्रत्येक प्रवाशाला सरासरी एक मिनिट लागते, माणसे यदृच्छेने येतात आणि कामाचा वेळही तसाच कमीजास्त होतो. खिडकी निम्मा वेळ गुंतलेली असेल तर रांगेत सरासरी १ मिनिट थांबावे लागते. ८० टक्के गुंतली असेल तर ४ मिनिटे, ९० टक्के तर ९ मिनिटे, ९५ टक्के तर १९ मिनिटे. शेवटच्या पायरीवर काम पाचच टक्क्यांनी वाढले, पण खोळंबा दुपटीहून वाढला. काल बरे चाललेले संकेतस्थळ आज एकाएकी का बसते, याचे उत्तर या चार आकड्यांत आहे.

शिक्षकांना याचा अनुभव १६ जुलै २०२१ रोजी आला. दहावीचा निकाल दुपारी एक वाजता संकेतस्थळांवर लागायचा होता आणि ती संकेतस्थळे कित्येक तास उघडतच नव्हती. परीक्षा न होता मूल्यमापनावर लागलेला तो निकाल; विद्यार्थी सुमारे पावणेसोळा लाख. आपण केवळ कल्पनेने हिशेब करू. १५,७५,००० विद्यार्थ्यांनी पहिल्या दहा मिनिटांत प्रत्येकी एकदाच पान मागितले, तर सेकंदाला २,६२५ मागण्या होतात. सर्व्हर सेकंदाला हजारच मागण्या पुरवू शकत असेल, तर दहा मिनिटांनंतर ९,७५,००० जण ताटकळत असतील. प्रत्यक्षात कुणीच एकदा मागून थांबत नाही. पान न उघडले की मुलगा पुन्हा कळ दाबतो, घरातून ताई दाबते, गावाहून मामा दाबतो. सर्व्हर जितका मंद, तितक्या मागण्या जास्त. आणि मागण्या जितक्या जास्त, तितका सर्व्हर मंद. त्या दिवशीच्या वहीत लाखो हिट असतील, पण त्यांतला प्रत्येक हिट म्हणजे निकाल पाहिलेला विद्यार्थी नव्हे. तो निकाल न दिसलेलाही असू शकतो.

यावर उपाय दोनच: खिडक्या वाढवा, नाहीतर येणाऱ्यांची वेळ वाटून द्या. दुसऱ्या उपायाचे उदाहरण वागळे इस्टेटमध्येच आहे. रस्ता क्रमांक २२ वरच्या पासपोर्ट सेवा केंद्रात जाण्याआधी संकेतस्थळावरून दिवस आणि वेळ ठरवून घ्यावी लागते. रांग फाटकावरून हलवून दिवसभरात पसरवली, एवढेच त्यात केले आहे. निकालाच्या बाबतीत हे जमत नाही. पाव तास आधी शेजारच्या मुलीला निकाल कळला, हे कोण सहन करील? म्हणून तिथे पहिला उपाय लागतो: एकाच पानाच्या पुष्कळ प्रती पुष्कळ संगणकांवर आधीच नेऊन ठेवायच्या. बर्नर्स-ली याने १९९५ मध्ये एमआयटीतल्या सहकाऱ्यांपुढे गर्दीचा हा प्रश्न मांडला होता. त्यावर टॉम लेटन आणि त्याचा विद्यार्थी डॅनियल लेविन यांनी काम केले व १९९८ मध्ये अकामाई ही कंपनी काढली.

प्रती जवळ ठेवण्याला आणखी एक कारण आहे, ते भौतिकशास्त्रातले. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. ठाण्याहून अमेरिकेचा पूर्व किनारा सरळ रेषेत धरला तरी साडेबारा हजार किलोमीटरच्या आसपास. जाऊन येऊन २५,००० किलोमीटर, म्हणजे एक अष्टमांश सेकंद. एक पान उघडताना अशा कितीतरी खेपा होतात. पैसे खर्चून तार जाड करता येते, प्रकाश वेगवान करता येत नाही. आपल्याकडे तर एकेकाळी शेजारशेजारच्या दोन सेवा कंपन्यांच्या ग्राहकांतली देवाणघेवाणही परदेशातून फिरून येई. ती देशातल्या देशात व्हावी म्हणून २००३ मध्ये निक्सी ही संस्था स्थापन झाली.

वेग मोजण्यातही हिटसारखाच एक सापळा आहे. दहा विद्यार्थ्यांपैकी नऊ जणांना पान दोन सेकंदांत आणि एकाला ३२ सेकंदांत मिळाले, तर सरासरी पाच सेकंद येते. पाच सेकंद तर कुणालाच लागले नाहीत! म्हणून जाणकार सरासरी सोडून सर्व वेळा चढत्या क्रमाने लावतात आणि विशिष्ट क्रमांकावर कोण उभे आहे ते पाहतात. गूगलने २०२० मध्ये ठरवलेल्या कसोटीत शंभरांपैकी ७५ व्या भेटीचा वेळ धरतात, आणि पानातला मुख्य भाग अडीच सेकंदांच्या आत दिसावा अशी अपेक्षा असते. उरलेल्या २५ भेटींत कोण असते? जुना मोबाइल वापरणारा, शहापूर-मुरबाडच्या एखाद्या पाड्यावर टेकडी चढून रेंज शोधणारा. आणि ज्याच्याकडे पान कधी उघडलेच नाही, त्याच्या संगणकावरचा तो छोटा कार्यक्रमही चालला नाही. त्याची ओळ वहीत नाहीच.

वर्गात करून पाहण्याजोगा एक प्रयोग आहे. मधल्या सुट्टीत पाण्याच्या नळाशी दोन विद्यार्थी उभे करावेत. एकाने फक्त येणारे मोजावेत, दुसऱ्याने दर मिनिटाला रांगेतले. जॉन लिटल याने १९६१ मध्ये सिद्ध केलेल्या नियमाप्रमाणे रांगेतली सरासरी माणसे म्हणजे दर मिनिटाला येणारी माणसे गुणिले प्रत्येकाचा सरासरी थांबण्याचा वेळ. समजा मिनिटाला सहा मुले येतात आणि रांगेत सरासरी बारा दिसतात, तर कुणाच्याही हातात घड्याळ न देता प्रत्येकाचा खोळंबा दोन मिनिटे निघतो. रांग पाहून परत फिरलेली मुले तेवढी वेगळी मोजावी लागतील, आणि त्यासाठी तिसरा विद्यार्थी जरा दूर, व्हरांड्याच्या टोकाला उभा करावा लागेल.