पारोसा पिंपळ कोणाचा भाऊबंद?

जालना जिल्ह्यातील जांब समर्थ हे समर्थ रामदासांचे जन्मगाव. समर्थांच्या बागप्रकरणात झाडांच्या नावांची लांबलचक यादी आहे. अशी यादी वाचताना आपल्याला प्रश्न पडतो : यातली कोणती झाडे एकमेकांची भाऊबंद, हे ठरवायचे कसे?

जुन्या वैद्यांनी चीक पाहिला. सोळाव्या शतकातील ‘भावप्रकाश’ ग्रंथात पाच क्षीरी वृक्ष सांगितले आहेत : वड, उंबर, पिंपळ, प्लक्ष आणि पारीष. पहिले चार खरोखरच फायकस या एकाच प्रजातीतले. पारीष म्हणजे पारोसा पिंपळ, कोकणातली भेंडी. त्याचे पान पिंपळासारखे हृदयाकृती, फक्त टोकाची लांब शेपटी नाही. पण पान तोडले तर वडासारखा पांढरा चीक येत नाही, आणि पिवळे फूल दिसते कपाशीसारखे. पारीषाच्या जागी काहीजण शिरीष किंवा वेतस घेतात, अशी नोंद त्याच ग्रंथात आहे. म्हणजे शंका तेव्हाही होती.

समर्थ हयात असतानाच, १६७८ साली, ॲमस्टरडॅमला ‘हॉर्टस मलबारिकस’चा पहिला खंड निघाला. केरळचे इट्टी अच्युतन वैद्य आणि रंगभट, विनायक पंडित व अप्पूभट हे तीन कोंकणी पंडित या कामात होते. उंबर, पिंपळ आणि वड यांची मलयाळी नावे तिथे अत्तिआलु, अरेआलु, पेरालु अशी दिली आहेत. ‘आल’ म्हणजे वडाच्या कुळातले झाड. पारोसा पिंपळाचे नाव मात्र बुपरिति, म्हणजे पूपरुत्ति. ‘परुत्ति’ म्हणजे कापूस! आपण पानावरून नाव ठेवले, त्यांनी फुलावरून.

१७५३ मध्ये लिनियसनेही फूलच प्रमाण मानले. वड-पिंपळ फायकसमध्ये गेले आणि पारोसा पिंपळ जास्वंदीच्या हिबिस्कस प्रजातीत. पानाचे साम्य फक्त ‘पॉप्युल्नियस’, म्हणजे पॉप्लरसारखा, या विशेषणात उरले. १८०७ पासून त्याची प्रजाती थेस्पेसिया झाली. कूळ मात्र कपाशीचेच राहिले.

मग पान अगदीच फसवे का? नाही, ते आतून पाहायला हवे. १८२७ मध्ये मायेन या जर्मन शास्त्रज्ञाला फायकसच्या पानात पेशीत लोंबणारे द्राक्षाच्या घडासारखे खडे दिसले. १८५४ मध्ये वेडेलने त्यांना सिस्टोलिथ हे नाव दिले. हे खडे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचे.

वर्गात हे करून पाहता येते. वडाच्या पानाचा ब्लेडने पातळ आडवा छेद घ्या. सूक्ष्मदर्शकाखाली वरची त्वचा एकपदरी नाही, अनेकपदरी दिसेल. तिच्यातल्या मोठ्या पेशींत सिस्टोलिथ असतील. विरल आम्लाचा थेंब सोडला की बुडबुडे येतात. पारोसा पिंपळाच्या पानात सिस्टोलिथ सापडत नाहीत. कोवळ्या पानावर बारीक खवले मात्र दिसतात.

बाहेरून सारखे दिसते ते नातेच असते असे नाही. विद्यार्थी पानांच्या आकारावरून गट पाडतील तेव्हा त्यांना चूक म्हणण्याआधी एवढेच विचारू या : आणखी काय पाहिलेस?